डीपीमधल्या ताई कुठे आहेत?

रविवारच्या व्हिडिओत मी दुकानातल्या ज्या कोपऱ्यात उभी होते, त्या कोपऱ्याबद्दल आज जरा सविस्तर लिहिते. व्हिडिओत वेळ पुरला नाही, आणि तो कोपरा का तयार करावा लागला हे तर सांगायचंच राहून गेलं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. कराडहून एक काकू आमच्या सांगलीच्या दुकानात आल्या. एसटीने, मुलीला सोबत घेऊन. मी काउंटरवरच होते. काकूंनी माझ्याकडे बघितलं, मोबाईलकडे बघितलं, परत माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "त्या ताई नाहीत का आज? व्हॉट्सॲपवर बोलणं झालं होतं त्यांच्याशी."

"काकू, मीच ती."

मुलगी खुदकन हसली. काकू हसल्या नाहीत.

तेव्हा माझ्या डीपीला लग्नातला फोटो होता. शालू, नथ, पार्लरचा मेकअप. इन्स्टाग्रामवर फिल्टर लावून दोन शेड गोरी झालेली मी. गूगलवर फक्त दुकानाची पाटी, आणि पाटीसमोर कुणाची तरी स्कूटर. म्हणजे एकाच दुकानाच्या तीन जागी तीन वेगळ्या ओळखी.

इथपर्यंत हसण्यावारी नेता आलं असतं. पण काकू साड्या परत करायला आल्या होत्या. लग्नातल्या आहेरासाठी त्यांनी माझ्याकडून सहा साड्या मागवल्या होत्या, फोटो बघून, निळ्या. माझ्या लेखी त्या साड्या वांगी रंगाच्या होत्या आणि मी वांगीच पाठवल्या. काकूंनी फोटो उघडून दाखवला. खरंच निळा दिसत होता! मग त्यांनी दोन दिवसांनंतरच्या माझ्या स्टेटसचा स्क्रीनशॉट दाखवला. तीच साडी, तिथे चांगली वांगी. "आता यातला खरा कुठला समजायचा आम्ही?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. लग्न चार दिवसांवर आलेलं, निळ्या सहा माझ्याकडे नव्हत्या. पैसे परत दिले. जाताना काकू एवढंच म्हणाल्या, "तुमचा स्वतःचा फोटोपण तसलाच आहे की." त्या सहा साड्या विकायला मला पुढची दिवाळी उजाडली, पण ते वाक्य जास्त महागात पडलं असं मला आजही वाटतं.

झालं काय होतं? पहिला फोटो मी संध्याकाळी काढला होता. वर पांढरी ट्यूबलाइट, बाजूला शोकेसचा पिवळा बल्ब, दारातून येणारा उरलासुरला उजेड. तीन प्रकारचे उजेड एकत्र आले की मोबाईल गोंधळतो. पांढरा रंग कुठला हे तो दर फोटोला स्वतःच्या अंदाजाने ठरवतो आणि बाकीचे सगळे रंग त्याप्रमाणे सरकवतो. त्यात जांभळ्या घराण्यातले रंग मोबाईलला आधीच अवघड जातात, ते बऱ्याचदा निळ्याकडे झुकतात. दुसरा फोटो सकाळी दारात काढलेला. साडी तीच, मोबाईल तोच, फक्त उजेड वेगळा.

म्हणून मी आधी उजेड ठरवला. आमच्या दुकानाला उत्तरेकडे एक खिडकी आहे. उत्तरेकडून थेट ऊन जवळजवळ येत नाही, त्यामुळे उजेड मऊ आणि दिवसभर बराचसा सारखा राहतो. तुमच्याकडे उत्तरेची खिडकी नसेल तर जिथे थेट ऊन पडत नाही अशी कुठलीही खिडकी चालेल, पण वेळ एकच धरा. मी सकाळी नऊ ते साडेदहा काढते, गिऱ्हाईक यायच्या आधी. आणि फोटो काढताना दुकानातले सगळे दिवे बंद. हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं, पण हाच सगळ्यात मोठा फरक आहे.

मागची भिंत साध्या फिकट मातकट रंगाची केली. पांढरीशुभ्र मुद्दाम नाही. फ्रेममध्ये पांढरा जास्त असला की मोबाईल फोटो काळसर करतो, आणि काळा जास्त असला की उलट, फोटो उजळवतो. संक्रांतीला चंद्रकळेचे फोटो टाकता ना? काळी साडी राखाडी दिसते ती याच कारणाने. स्क्रीनवर साडीला बोटाने दाबून धरा, फोकस लॉक होईल, मग उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा. काळा काळा दिसेल.

आता पर्सनल ब्रँडिंगवाले एक सल्ला हमखास देतात: चार रंग ठरवा आणि सगळं पेज त्याच रंगांत ठेवा. केक किंवा कोर्स विकत असाल तर जरूर करा. पण साडीवाल्याने माल एका रंगात बसवायला गेलं तर धंदा कसा चालणार? माझं मत असं, की भिंत, उजेड, अंतर आणि तुम्ही स्वतः सारखे ठेवा, मालाला त्याच्या रंगात राहू द्या. संपादन करताना फोटो सरळ करणं, कापणं आणि थोडा उजेड, एवढंच. रंग गडद करायच्या पट्टीला मी हात लावत नाही.

आणि एक छोटी युक्ती, जी मला स्वतःला फार आवडते. प्रत्येक साडीच्या एका फोटोत पदरावर माझा हात असतो, त्याच हिरव्या बांगड्या घातलेला. प्रत्येकाच्या मोबाईलची स्क्रीन वेगळी, रंग थोडा इकडेतिकडे होणारच. पण माझा हात आणि बांगड्या गिऱ्हाइकाच्या ओळखीच्या झाल्यात. हातच निळसर दिसला तर फोटो गंडलाय हे मलाही टाकायच्या आधी कळतं. हल्ली बायका फोनवर "त्या हिरव्या बांगड्यावाल्या ताई ना?" असं विचारतात. लोगोसाठी दिलेले पैसे आठवून वाईट वाटतं.

स्वतःच्या चेहऱ्याचा फोटोही त्याच खिडकीपाशी, त्याच भिंतीसमोर, दुकानात रोज नेसते तसल्या साडीत काढला. सेल्फी नको. हाताच्या अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. कुणाला तरी पाच-सहा फुटांवर उभं करा आणि दुप्पट झूम करून काढायला सांगा. डीपी गोल कापला जातो, म्हणून चेहरा मधोमध आणि डोक्यावर थोडी जागा हवी. हाच एक फोटो व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, गूगल, सगळीकडे लावा. मालाचे फोटो उभे काढा. इन्स्टाग्रामने २०२५ च्या सुरुवातीला प्रोफाइलवरचे चौकोनही उभे केलेत. व्हॉट्सॲपवर पाठवताना एचडी निवडा, नाहीतर काठाची नक्षी पुसट होते.

खरं सांगते, फिल्टर काढल्यावर पहिले काही महिने लाइक कमी झाले. घरातले म्हणाले, आधीचे फोटो छान होते. पण "रंग असाच आहे ना हो?" हा रोजचा प्रश्न हळूहळू कमी झाला आणि रंगावरून माल परत येणं जवळपास थांबलं. पावसाळ्यात मात्र पंचाईत होते. ढग भरून आले की फोटोत सगळंच निळसर, तेव्हा मी सरळ दुसऱ्या दिवसापर्यंत थांबते. एक दिवस उशीर परवडतो.

मोबाईल कुठे ठेवायचा आणि साडी कुठे टांगायची यासाठी मी फरशीवर खडूने दोन फुल्या मारल्या होत्या. रोज झाडू-फरशीत त्या पुसल्या जायच्या, म्हणून गेल्या महिन्यात लाल ऑइल पेंटने पक्क्या केल्या. सासूबाई अजून बोलत नाहीयेत.