लुईझ फारांक: नऊ वाद्यं आणि समान पगार

अमरावती-अकोल्याच्या वरातीत बँडची क्लॅरिनेट आपण सगळ्यांनीच ऐकली आहे. त्याच वाद्याचं निराळं रूप ऐकायचं असेल, तर फ्रेंच संगीतकार लुईझ फारांक (१८०४-१८७५) यांचं नोनेट ऐका.

नोनेट म्हणजे नऊ वाद्यांची रचना. इथे व्हायोलिन, व्हिओला, चेलो, डबल बास, बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बासून आणि हॉर्न आहेत. पियानो नाही, आणि या बाई तर १८४२पासून तीस वर्षं पॅरिस कॉन्झर्व्हेटरीत पियानोच्याच प्राध्यापक! पगार मात्र पुरुष सहकाऱ्यांपेक्षा कमी. १८५०मध्ये नोनेट पहिल्यांदा वाजलं, व्हायोलिनवर योआखिम हा तरुण वादक होता, आणि ते गाजलं. मग फारांक यांनी संचालक ओबेर यांच्याकडे समान पगार मागितला आणि मिळवलाही. ही हिंमत मला फार मोठी वाटते.

माझा सर्वांत आवडता भाग दुसरा. धून एकच, साधी. पण दर फेरीला वेगळं वाद्य पुढे येऊन ती आपल्या रंगात सांगतं. तिसऱ्या भागाची सुरुवात तारा बोटांनी छेडून होते, तीही झकास.

त्यांनी तीन सिम्फनीही लिहिल्या. पण आधी नोनेटच ऐका. यूट्यूबवर सहज मिळतं, साधारण अर्ध्या तासाचं आहे. कोणतं वाद्य आवडलं ते खाली नक्की लिहा.