आयर्विनचा आकडा आणि आपल्या दाराची पायरी

जुलैत पावसानं जोर धरला की सांगलीत माणसं एकमेकांना विचारतात, "आयर्विनला किती?" 1929 साली उभ्या राहिलेल्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी मोजतात. 40 फूट इशाऱ्याची, 45 फूट धोक्याची. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्याही वर गेलं. पातळीचा आकडा तासातासाला घरोघरी पोचतो. पण तेवढ्या पातळीला आपल्या गल्लीत घोटाभर पाणी असेल की गळ्याइतकं, हे ज्यानं त्यानं आठवणीतून ताडायचं. नव्यानं भाड्यानं राहायला आलेल्यांकडे तर ती आठवणही नसते.

मी सांगलीच्या गावभागातली, सॉफ्टवेअर लिहिणं हा माझा व्यवसाय. काही मित्रमैत्रिणींसोबत मी एक ॲप तयार करते आहे. फोनचा कॅमेरा रिकाम्या टेबलाकडे धरला की पडद्यावर त्याच टेबलावर कृष्णेचं खोरं उभं राहतं: महाबळेश्वरचे कडे, वाईचं खोरं, कराडचा प्रीतिसंगम, हरिपूरला मिळणारी वारणा. टेबलाला फेरी मारली की डोंगराची पलीकडची बाजू दिसते. पाण्याची पातळी वर-खाली करूनही पाहता येते. समोरची खरी वस्तू आणि संगणकानं रचलेलं दृश्य असं एकत्र आणणाऱ्या तंत्राला मिक्स्ड रिॲलिटी म्हणतात.

पुरासाठी हा खटाटोप का, तर पुराचं सगळं गणित उंचीचं आहे आणि सपाट नकाशात उंचीच हरवते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 नकाशावर समोच्च रेषा साधारणपणे 20 मीटरच्या अंतरानं असतात. इशारा पातळी आणि 2019 चा महापूर यांत फरक आहे जेमतेम पाच मीटरचा. म्हणजे अख्खा महापूर दोन रेषांच्या मधल्या कोऱ्या जागेत मावतो.

उंचीची माहिती आता अवकाशातून मिळते. फेब्रुवारी 2000 मध्ये अमेरिकेच्या एंडेव्हर यानानं रडारनं पृथ्वीवरची बहुतेक जमीन मोजली. ते आकडे आज सुमारे 30 मीटरच्या चौकटींत कुणालाही मोफत मिळतात. इस्रोनं 2005 मध्ये सोडलेल्या कार्टोसॅट-1 नं दोन कोनांतून छायाचित्रं घेऊन भारताची उंची मोजली. ॲप या आकड्यांच्या जाळीचे त्रिकोण करतं आणि त्यांवर उपग्रहाचं छायाचित्र पांघरतं. फोन दमू नये म्हणून जवळचा भाग बारीक त्रिकोणांत रंगवायचा, लांबचा मोठ्या.

खरी परीक्षा प्रमाणाची. महाबळेश्वर ते सांगली सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटर. एक किलोमीटरला एक सेंटिमीटर धरला तर टेबल हवं दीड मीटरचं. त्यावर सुमारे आठशे मीटरचा उतार भरतो आठ मिलिमीटर, आणि त्यातला बहुतेक वाईपर्यंतच संपतो. म्हणून उंची दहापट वाढवून दाखवतो आणि तसं पडद्यावर ठळक लिहितो. सांगली शहरासाठी वेगळा, मोठ्या प्रमाणाचा नकाशा केला, कारण खोऱ्याच्या नकाशावर पाच मीटर पाणी दहापट वाढवूनही जेमतेम अर्धा मिलिमीटर भरतं.

ॲपचा जीव मात्र एकत्र पाहण्यात आहे. प्रत्येक फोन आपल्यापुरतं जग मोजतो; एकाचा प्रीतिसंगम दुसऱ्याच्या फोनवर टेबलाबाहेर लटकेल. त्यावर उपाय म्हणून टेबलाच्या मधोमध एक छापील खूण ठेवतो आणि सगळे फोन तिच्यापासून अंतरं मोजतात. डोंगर-दऱ्या आधीच फोनमध्ये साठवलेल्या असतात. फोन एकमेकांना पाठवतात ते फक्त इतकंच: कुणी कुठं बोट ठेवलं, पाण्याची पातळी किती लावली. त्यामुळे साधा वायफाय राउटर पुरतो. पातळी बदलण्याचा ताबा एका वेळी एकाकडेच असतो, नाहीतर दोघांच्या ओढाताणीत पाणी वरखाली होत राहतं. इंटरनेट असेल तर साताऱ्यातल्या टेबलावर कोयना धरणावर ठेवलेलं बोट सांगलीतल्या टेबलावरही उमटतं. धरणातून विसर्ग वाढला की खालच्यांचा जीव वर-खाली होतो. वरचे आणि खालचे लोक एकाच नदीकडे एकाच वेळी पाहताहेत, याचं मोल मला फार वाटतं.

सांगलीवाडीच्या एका आजोबांनी शहराचा नकाशा पाहून पहिल्यांदा मान हलवली. म्हणाले, "पोरी, हितं पाणी नदीकडनं येत न्हाई. मागनं, नाल्यातनं चढतं." त्यांचं बोलणं ऐकून आम्ही ॲपमध्ये एक सोय केली. कुणीही टेबलावर बोट टेकवून नोंद करायची: कुठल्या वर्षी, कुठल्या बाजूनं, कुठवर पाणी आलं. 2005, 2019, 2021, प्रत्येक पुराचा रंग वेगळा.

या नोंदींशिवाय नकाशा अपुरा आहे. उपग्रहाच्या उंचीत काही मीटरांची चूक असू शकते. डोंगरात ती खपते, सांगलीच्या सपाटीवर तीच घर बुडालं की वाचलं हे ठरवते. रडारला अनेकदा जमिनीऐवजी झाडांचे शेंडे आणि छपरं दिसतात. पाण्याचा एक सपाट थर वर सरकवणं म्हणजे पूर नव्हे: वाहत्या नदीच्या पृष्ठभागाला उतार असतो, रस्त्यांचे भराव पाणी अडवतात. पुलावरच्या फुटांचा शून्य समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे, हे जोडल्याशिवाय तर आकडा नकाशावर बसतच नाही. म्हणून हे ॲप पुराचा अंदाज सांगत नाही. त्यासाठी जलसंपदा विभागाच्याच सूचना पाळायच्या. ॲपचं काम आहे आपली जमीन ओळखायला शिकवण्याचं.

जमिनीचं ते ज्ञान भिंतींवर लिहिलेलं आहे. पूर ओसरल्यावर राहिलेली गाळाची रेघ ही कुठल्याही उपग्रहापेक्षा नेमकी मोजणी आहे, आणि दिवाळीच्या रंगरंगोटीत ती नाहीशी होते. माझी सांगली, मिरज, कराडच्या वाचकांना कळकळीची विनंती आहे: रंग देण्याआधी त्या रेघेचा फोटो काढा, अंगणापासून तिची उंची टेपनं मोजा, वर्ष लिहून ठेवा. घरातल्या मोठ्यांना विचारा, पाणी कुठल्या बाजूनं आलं. शाळांनी हे काम भूगोलाच्या तासाला मुलांकडून करून घ्यावं. गल्लोगल्लीच्या अशा नोंदी जमल्या, तर आयर्विनचा आकडा ऐकताच नव्या भाडेकरूलाही कळेल की आपल्या पायरीला पाणी लागायला अजून किती फूट आहेत, आणि सामान कधी हलवायला घ्यायचं.