समजून घ्या : दुचाकी येते म्हणून ‘एटीव्ही’ही येईलच, असे का नाही?

सुट्टीत लोणावळा, पाचगणी किंवा अलिबागला गेलेल्या सोलापूरकरांच्या मोबाइलमध्ये हल्ली एक फोटो हमखास असतो. चार जाडजूड चाकांची गाडी, अंगावर चिखल, डोक्यावर हेल्मेट. ही गाडी म्हणजे ‘एटीव्ही’, अर्थात ऑल टेरेन व्हेइकल. काही जण तिला क्वाड बाइक म्हणतात. शहराबाहेर जायचे, गाइडच्या मागे तास-दोन तास कच्च्या वाटेवर गाडी हाकायची आणि संध्याकाळी परत यायचे, असा हा एका दिवसाचा बेत असतो. लायसन्स लागत नाही, गिअरची कटकट नाही, ‘कोणालाही जमते’ असेही सांगितले जाते. मात्र ही गाडी चालते कशी, उलटते कशी आणि कायदा काय सांगतो, हे तिकीट काढताना फारसे कोणी सांगत नाही. शिवाय सोलापूरच्या बाबतीत आणखी एक प्रश्न आहे. शहराबाहेर मोकळे दिसणारे माळरान खरेच मोकळे आहे का?

एटीव्ही म्हणजे नेमके काय?

मोटारसायकलसारखे हँडल, घोड्यावर बसतात तशी दोन्ही बाजूंना पाय टाकून बसायची सीट आणि चार रुंद टायर, अशी या गाडीची ढोबळ रचना असते. अ‍ॅक्सिलरेटर मुठीत नसतो. उजव्या अंगठ्याने दाबायचा छोटा खटका असतो. बहुतेक गाड्या ऑटोमॅटिक असतात.

खरी गंमत टायरमध्ये आहे. स्कूटरच्या टायरमध्ये साधारण २५ ते ३५ पीएसआय हवा असते, तर एटीव्हीच्या टायरमध्ये बऱ्याचदा १० पीएसआयपेक्षाही कमी. त्यामुळे टायर दगडावर दबतो, वाळूत पसरतो आणि जिथे दुचाकी रुतेल तिथून ही गाडी निघून जाते.

होंडाने १९७० मध्ये अमेरिकेत तीन चाकांची अशी गाडी विकायला सुरुवात केली. ती लोकप्रिय झाली, पण अपघातही वाढत गेले. अखेर १९८८ मध्ये अमेरिकी सरकार आणि उत्पादक कंपन्या यांच्यात न्यायालयात तडजोड झाली आणि नव्या तीनचाकी एटीव्हींची विक्री तिथे थांबली. चार चाकांची गाडी तेव्हापासूनच रूढ झाली. चौथ्या चाकामुळे धोका कमी झाला, संपला मात्र नाही.

चार चाके असूनही ती उलटते का?

उलटते, आणि त्यामागे साधे गणित आहे. गाडी बाजूला कलंडेल की नाही, हे दोन गोष्टींवर ठरते : डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर आणि वजनाचा मध्य जमिनीपासून किती उंच आहे. कार रुंद आणि बुटकी असते. एटीव्ही अरुंद असते आणि चालवणारा तिच्या वर बसलेला असतो.

उदाहरण घेऊ. चाकांमधील अंतर १ मीटर आणि माणसासह वजनाचा मध्य ६५ सेंटीमीटर उंचीवर आहे, असे धरू. अशा गाडीवर तिच्या वजनाच्या साधारण ०.७७ पट जोर बाजूने आला की आतली चाके उचलली जातात. आता ८ मीटर त्रिज्येचे वळण घ्या. ताशी २० किलोमीटर वेगाने वळताना बाजूचा जोर सुमारे ०.४ पट असतो, म्हणजे गाडी सुरक्षित. तेच वळण ताशी ३० ने घेतले तर जोर सुमारे ०.८८ पटीवर जातो. वेग वाढला फक्त १० किलोमीटरने, पण गाडीने मर्यादा ओलांडली.

सुट्या मुरमावर चाके आधी घसरतात, त्यामुळे गाडी लगेच उलटत नाही. पण घसरणारे चाक दगडाला, चारीला किंवा बांधाला अडले की गाडी तिथेच पलटी खाते. बांधावर ट्रॅक्टरचे एक चाक चढले की काय होते, हे सोलापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. इथेही तेच घडते.

फरक पुढच्या परिणामात आहे. मोठ्या एटीव्हीचे वजन ३०० किलोच्या आसपास असते. ती अंगावर पडली तर एकट्याला बाजूला सारता येत नाही आणि छाती दबून श्वास कोंडू शकतो. ऑस्ट्रेलियात शेतांवर असे मृत्यू झाल्यानंतर सरकारने नियम कडक केले. ऑक्टोबर २०२१ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या सर्वसाधारण वापराच्या नव्या क्वाड बाइकला, चालकाला चिरडण्यापासून वाचवणारी चौकट बसवणे किंवा गाडीच्या रचनेतच ती असणे बंधनकारक आहे.

दुचाकीस्वारांनाच जास्त सांभाळावे का लागते?

रोज दुचाकी चालवणाऱ्याच्या अंगात काही सवयी मुरलेल्या असतात. त्यातल्या तीन इथे घात करतात.

पहिली सवय पाय टेकवण्याची. गाडी डगमगली की दुचाकीस्वाराचा पाय आपोआप जमिनीवर जातो. एटीव्हीवर पाय खाली टेकला तर तो मागच्या रुंद चाकाखाली ओढला जाऊ शकतो. काहीही झाले तरी पाय फूटरेस्टवरच ठेवायचे, हा इथला पहिला नियम आहे.

दुसरी सवय वळताना गाडी झुकवण्याची. एटीव्ही झुकत नाही. इथे गाडी सरळ राहते आणि वजन माणसाने हलवायचे असते. वळणाच्या आतल्या बाजूला शरीर सरकवायचे, चढावर पुढे झुकायचे, उतारावर मागे रेलायचे. बऱ्याच गाड्यांत मागची दोन्ही चाके एकाच अ‍ॅक्सलने जोडलेली असल्याने ती सरळ जाण्याचाच हट्ट धरतात. म्हणून वळणाआधीच वेग कमी करावा लागतो.

तिसरी सवय डबलसीटची. एकट्यासाठी बनवलेल्या एटीव्हीची सीट लांब दिसते, कारण चालकाला पुढे-मागे सरकायला जागा लागते. मागे दुसरा बसला की ती जागा संपते आणि वजनाचा मध्य आणखी वर जातो. दोघांसाठी बनवलेली मॉडेल वेगळी असतात. त्यावर तसे स्पष्ट लिहिलेले असते.

मुलांना पुढे बसवून फोटो काढण्याची हौस तर सगळ्यात महाग पडू शकते. अमेरिकेत मोठ्यांसाठी बनवलेल्या एटीव्ही १६ वर्षांखालील मुलांसाठी नाहीत, असा इशारा गाडीवरच दिलेला असतो. मुलांचे वजन गाडी सावरायला पुरत नाही, हे त्यामागचे कारण.

वेग किती असावा?

ताशी ४० किलोमीटरने जाताना धडक बसली, तर तो आघात साधारण सव्वासहा मीटर उंचीवरून, म्हणजे दोन मजल्यांवरून पडण्याइतका असतो. ताशी २० ला हीच उंची दीड मीटरच्या आसपास येते. वेग निम्मा केला की आघाताची ऊर्जा चौथ्या हिश्श्यावर येते. म्हणूनच चांगल्या ठिकाणी नवख्यांच्या गाडीचा वेग आधीच बांधून दिलेला असतो.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील व्याख्येनुसार रस्त्यावर वापरण्याजोगे यांत्रिक वाहन म्हणजे मोटार वाहन. फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेले विशेष वाहन यातून वगळले आहे. रिसॉर्टच्या कुंपणाआड एटीव्ही लायसन्सशिवाय चालवायला मिळते, ती याच आधारावर. पण तीच गाडी फाटकाबाहेर सार्वजनिक रस्त्यावर आली की नोंदणी, विमा आणि लायसन्सचा प्रश्न उभा राहतो. नोंदणी नसलेली एटीव्ही गावातल्या डांबरी रस्त्यावरून नेणे बेकायदा आहे, मग पुढे गाइड असला तरी. २०१९ मध्ये पोलारिस कंपनीने रस्त्यावर चालवता येईल असे एक मॉडेल भारतात आणले, पण तेही ट्रॅक्टर म्हणून मान्यता घेऊन.

दुसरा भाग साहसी पर्यटनाचा. महाराष्ट्राने याबाबत २०१४ आणि २०१८ मध्ये शासन निर्णय काढले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये स्वतंत्र साहसी पर्यटन धोरण आणले. त्यानुसार जमीन, पाणी आणि हवा यांतील साहसी उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे अपेक्षित आहे. केंद्रीय पर्यटन मंत्रालय आणि साहसी सहल आयोजकांच्या संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांतही एटीव्ही सहलींचा समावेश आहे. म्हणजे ‘नोंदणी प्रमाणपत्र दाखवा’ असे ग्राहकाने म्हटले, तर त्यात उद्धटपणा काही नाही.

‘स्वतःच्या जबाबदारीवर’ सही केली की संपले?

राइडआधी बहुतेक ठिकाणी एका फॉर्मवर सही घेतली जाते. धोका समजला आहे, एवढे त्यातून सिद्ध होते. पण ब्रेक नादुरुस्त असणे, हेल्मेट न देणे, प्रशिक्षित माणूस नसणे ही सेवेतील त्रुटी ठरू शकते आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार त्याविरुद्ध दाद मागता येते. फक्त सही केली म्हणून तो हक्क आपोआप जात नाही. फॉर्मचा फोटो मात्र आपल्या मोबाइलमध्ये हवा.

विम्याचीही खात्री आधीच करावी. अनेक वैयक्तिक अपघात विम्यांत साहसी खेळ वगळलेले असतात.

सोलापूरच्या माळावर अशी राइड का नको?

‘एवढा मोकळा माळ पडलाय, इथेच गाड्या आणल्या तर?’ हा विचार स्वाभाविक आहे. सरकारी कागदावरही माळरानाची नोंद बऱ्याचदा पडीक जमीन अशीच होत आली आहे. पण शहरापासून साधारण २० किलोमीटरवरच्या नान्नजचे गवताळ माळ हे माळढोक अभयारण्याचा भाग आहेत. १९७९ मध्ये हे अभयारण्य जाहीर झाले तेव्हा त्याचे क्षेत्र सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर होते. पुढे ते मोठ्या प्रमाणात कमी करण्यात आले. माळढोक आता इथे क्वचितच दिसतो. जगभरातच त्यांची संख्या दीडशेच्या आसपास किंवा त्याहून कमी उरल्याचे मानले जाते. लांडगा, काळवीट, खोकड, धाविक आणि चंडोल यांचे हे घर मात्र अजून टिकून आहे.

अडचण अशी, की माळावरचे पक्षी झाडावर घरटी बांधत नाहीत. माळढोक एका वेळी सहसा एकच अंडे घालतो, तेही थेट जमिनीवर. धाविक आणि टिटवीची अंडी खड्यांसारखी दिसतात. ती चालत्या माणसालाही दिसत नाहीत, तर गाडीवरच्याला कुठून दिसणार? शिवाय कोरड्या माळावर रुंद टायर एकाच वाटेने वारंवार गेले की गवताची मुळे उखडतात आणि पहिल्या पावसात तिथली माती वाहून जाते.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अभयारण्यात परवानगीशिवाय प्रवेश करता येत नाही आणि अधिवासाचे नुकसान करणे हा गुन्हा आहे. असा प्रकार दिसला तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवता येते.

अभयारण्याबाहेरची जमीनही राइडला सोपी नाही. काळी माती पावसाळ्यात टायरला चिकटून चाके भरून टाकते, तर उन्हाळ्यात तिला पाऊल अडकेल अशा भेगा पडतात. त्यात मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर गेलेला असताना हेल्मेट, जॅकेट घालून दुपारी गाडी हाकणे म्हणजे उष्माघाताला बोलावणे.

मग माळरान पाहायचेच नाही का?

पाहायचे, पण त्याच्या पद्धतीने. पुणे वन विभागाने इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातील शिर्सुफळ येथे माळरान सफारी सुरू केली आहे. ठरलेल्या वाटा, मर्यादित गाड्या आणि सोबत स्थानिक गाइड असे तिचे स्वरूप आहे. चिंकारा, लांडगा, खोकड दिसण्याची शक्यता असते. सोलापूरहून इंदापूर सुमारे ११० किलोमीटर, म्हणजे पहाटे निघून दुपारी परतता येते. गाइड गावातलाच असल्याने माळ राखण्यात गावाचाही फायदा राहतो.

ज्यांना एटीव्हीचाच थरार हवा, त्यांनी आखलेला बंदिस्त ट्रॅक असलेले ठिकाण निवडावे.

पैसे भरण्याआधी काय पाहावे?

- पर्यटन संचालनालयाकडील नोंदणी आणि विम्याची कागदपत्रे आहेत का?
- ट्रॅक खासगी आणि बंदिस्त आहे का? वाटेत सार्वजनिक रस्ता किंवा वनजमीन लागते का?
- मापाचे, पट्टा शाबूत असलेले हेल्मेट मिळते का? घोटा झाकणारे बूट घालूनच जावे. चप्पल किंवा सँडल नको. ओढणी, मफलर काढून ठेवावा.
- निघण्याआधी सपाट जागेवर सराव फेरी देतात का? थेट चढावर नेत असतील तर नकार द्यावा.
- गाडी उभी असतानाच ब्रेक दाबून पाहावा. इंजिन बंद करणारे लाल बटण किंवा मनगटाची दोरी चालते का, तेही तपासावे.
- ताफ्याच्या पुढे एक आणि मागे एक असे दोन गाइड आहेत का? दोन गाड्यांत पुरेसे अंतर ठेवायला सांगतात का?
- प्रथमोपचार पेटी आहे का? १०८ रुग्णवाहिका तिथे पोहोचेल असा रस्ता आणि मोबाइलला रेंज आहे का?

यातील दोन-तीन प्रश्नांवरच उत्तर टाळले जात असेल, तर तिकिटाचे पैसे खिशातच ठेवलेले बरे. राइड चुकली तर पुढच्या सुट्टीत करता येते.