बुरशीने माती साफ केली म्हणजे नेमकं काय केलं?

रसायनांनी नासलेल्या मातीत अळंबीचं बियाणं टाकलं की बुरशी सगळं विष खाऊन टाकते, असा समज हल्ली पसरला आहे. त्याला आधार आहे, पण अर्धाच. लाकूड कुजवणाऱ्या काही बुरशा त्यातलं लिग्निन फोडायला शरीराबाहेर विकरं सोडतात. लिग्निनची रचना इतकी वेडीवाकडी असते, की ही विकरं एका ठरावीक रेणूपुरती राहूच शकत नाहीत. त्यांच्या तडाख्यात डीडीटी, लिंडेनसारखी चिवट रसायनंही सापडतात. फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम या बुरशीबद्दल हे १९८५ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालं. मात्र बुरशीचं पोट या विषावर भरत नाही. तिला भुसा किंवा लाकडाचा चुरा, हवा आणि ओल लागतेच, आणि मातीतले मूळचे जिवाणू तिला सहजी पाय रोवू देत नाहीत. शिसं, कॅडमियम, पारा यांच्यापुढे तर तिचा इलाज नाही. ती मूलद्रव्यं आहेत, ती मोडत नाहीत. बुरशी फार तर ती शोषून अळंबीत साठवते. अशी अळंबी बाजारात गेली तर मातीतलं विष थेट ताटात येईल.

सगळ्यात फसवी असते ती टक्केवारी. लामार आणि डीट्रिश या संशोधकांनी लाकूड टिकवण्याच्या रसायनाने दूषित झालेल्या मातीत, प्रयोगशाळेबाहेर प्रत्यक्ष जागेवर, फॅनेरोकीटच्या दोन जाती सोडल्या. त्यांचे निष्कर्ष १९९० साली प्रसिद्ध झाले. मातीत एका ग्रॅमला त्या रसायनातलं पेंटाक्लोरोफिनॉल २५० ते ४०० मायक्रोग्रॅम होतं. साडेसहा आठवड्यांत ते ८८ ते ९१ टक्क्यांनी घटलं. आकडा घसघशीत आहे. पण घटलेल्यापैकी ८ ते १३ टक्क्यांचं पेंटाक्लोरोॲनिसोल हे दुसरं क्लोरीनयुक्त रसायन झालं होतं, आणि उरलेलं बहुतेक, संशोधकांच्याच अनुमानानुसार, मातीला असं घट्ट चिकटलं की चाचणीच्या द्रावकात उतरेना. चाचणीत न दिसणं आणि नष्ट होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

चिकटलेलं विष पिकाला किंवा पाण्याला लागत नसेल तर बिघडलं कुठे, असं कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. धोका खरोखर कमी होतो आणि माती उपसून भट्टीत जाळण्यापेक्षा हा मार्ग स्वस्तही पडू शकतो. तरीही मातीतलं सेंद्रिय द्रव्य कुजत जातं तसा त्याला बांधलेला काही भाग पुन्हा सुटू शकतो. म्हणून सफाईचं काम सोपवणाऱ्याने मूळ रसायनाची घट पाहून बिल चुकतं करू नये. मधली रसायनं कोणती तयार झाली, त्या मातीत गांडूळ जगतं का, बी रुजतं का, हेही लेखी मागावं आणि काही पावसाळे उलटल्यावर तीच तपासणी पुन्हा करून घ्यावी.