टाके निघाल्यानंतरचे दिवस

शस्त्रक्रिया यशस्वी झाली म्हणजे रुग्ण बरा झाला, असा सर्वसाधारण समज आढळतो. वैद्यकशास्त्र मात्र जखमेवर तीस दिवस लक्ष ठेवावयास सांगते. कृत्रिम सांधा बसविला असल्यास नव्वद दिवस. याच काळात जखम चिघळून अनेकांना पुन्हा रुग्णालयाची पायरी चढावी लागते.

ही वेळ सर्वांवर सारखी येत नाही. ६६ देशांतील पचनसंस्थेच्या शस्त्रक्रियांची पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. जखमेत जंतुसंसर्ग होण्याचे प्रमाण संपन्न देशांत ९.४ टक्के, तर अल्पविकसित देशांत २३.२ टक्के आढळले. अमेरिकेने २०१२ पासून, ज्या रुग्णालयांत रुग्ण प्रमाणाबाहेर परत येतात त्यांच्या देयकांत कपात सुरू केली. पुढे सांधेरोपणाचाही त्यात समावेश झाला. पण गोरगरिबांवर उपचार करणाऱ्या रुग्णालयांनाच या दंडाची झळ अधिक बसली. अखेर २०१६ च्या कायद्याने, सारख्याच परिस्थितीतील रुग्णालयांची परस्परांशी तुलना करण्याचे ठरले. दोष सर्वस्वी शल्यचिकित्सकाचा नसतो, हे यातून मान्य झाले.

आपल्याकडील चित्र निराळे नाही. हर्नियाची शस्त्रक्रिया झालेला शेतमजूर महिनाभर ओझे उचलणार नाही, हे कागदावर ठीक. रोजंदारी बुडाली तर चूल कशी पेटावी? तपासणीस जावे तर एस. टी. चे भाडे आणि सोबत येणाऱ्याचाही रोज बुडतो. बरे वाटू लागताच औषधाच्या उरलेल्या गोळ्या तशाच राहतात. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत; ते घरात कोणी वाचावयाचे?

शासकीय योजनांनी शस्त्रक्रियेचा खर्च बराच हलका केला. २०१२ साली सुरू झालेल्या राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेत घरी सोडल्यानंतरचे १० दिवस, तर २०१८ च्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत १५ दिवस अंतर्भूत करण्यात आले. तीस दिवसांतील उरलेल्या दिवसांचा भार मात्र कुटुंबावर पडतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. सिझेरियन झालेल्या मातेच्या घरी आशा कार्यकर्ती ४२ व्या दिवसापर्यंत ठरलेल्या भेटी देते. त्या नवजात बालकासाठी असल्या तरी मातेच्या जखमेचीही विचारपूस होते. हर्नियाच्या रुग्णासाठी असे वेळापत्रक नाही. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीने अशा रुग्णांची नोंदवही ठेवली आणि शिक्षकांनी कार्डावरील सूचना मराठीत समजावून दिल्या, तर लाली, पू वा ताप दिसताच रुग्ण उपकेंद्रात वेळेवर पोहोचू शकेल.