एल्क पडल्यानंतरचे 25 किलोमीटर

डेन्व्हरहून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आलाय: "दादा, ऑफिसमधले लोक ऑक्टोबरमध्ये डोंगरात एल्कच्या शिकारीला नेतायत. माझी पहिलीच वेळ. काय तयारी करू?"

आधी एक खुलासा. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, तेव्हा सह्याद्रीत कुणी प्रयोग करू नका. कोलोरॅडोत ती परवान्यावर, ठरलेल्या हंगामात चालते. आधी सुरक्षेचा कोर्स करावा लागतो. आणि मित्रा, तू एच-वन-बी व्हिसावर असशील, तर शिकारीचा वैध परवाना नसताना बंदूक जवळ बाळगणंच फेडरल गुन्हा ठरू शकतं. कुणी "जरा धर रे" म्हटलं, तरी नाही धरायची.

आता मुख्य गोष्ट. नवखे लोक सगळा वेळ बंदूक आणि नेमबाजीत घालवतात. नेम हवाच, पण खरं काम गोळी लागल्यानंतर सुरू होतं. एल्कचा नर 300 किलोच्या आसपास भरतो. हाडं काढली तरी 90 किलो मांस उरतं. ते गाडीपर्यंत आणणार कोण? तूच, पाठीवर!

हिशोब करू. गाडी 5 किलोमीटर लांब, एका खेपेला 30 किलो. म्हणजे तीन खेपा, मधे दोनदा रिकामं परत. झाले 25 किलोमीटर. तेही 10,000 फुटांवर. आपलं कळसूबाई 5,400 फूट, म्हणजे डेन्व्हर शहराच्या जेमतेम वर! तिथे धाप लागत असेल, तर विचार कर.

म्हणून आत्तापासूनच सॅकमध्ये तांदळाच्या पिशव्या भरून चढ चढायला लाग. आधी 10 किलो, मग हळूहळू वाढव. नवे बूट इथेच झिजव, तिथे फोड परवडणार नाहीत.

मांस गरम राहिलं की नासतं. कातडं लगेच काढायचं, तुकडे हवा खेळेल अशा कापडी पिशव्यांत घालून सावलीत टांगायचे. खाण्याजोगं मांस जंगलात टाकून येणं तिथे गुन्हा आहे.

रायफलच्या हंगामात अंगावर आणि डोक्यावर भडक केशरी किंवा गुलाबी कपडे सक्तीचे आहेत. फोटोत कसे दिसतात ते सोडून दे.

आणि संध्याकाळी, खोल दरीपलीकडे एल्क दिसला आणि बरोबर तू एकटाच असलास, तर गोळी झाडू नकोस. बाकीचे काय म्हणतील ते म्हणू देत.