बँकांचे साहस आणि त्यांचा लगाम

बँक ही मुख्यत्वे दुसऱ्याच्या पैशावर चालणारी पेढी होय. नफा झाला तर तो भागधारकांचा. पण पेढी अडचणीत आली की जीव टांगणीस लागतो तो ठेवीदाराचा. म्हणून बँकांच्या साहसास लगाम कसा घालावा, हा प्रश्न केवळ अर्थशास्त्रज्ञांचा नसून प्रत्येक कुटुंबाच्या संचिताचा आहे, असे आम्हांस वाटते.

रिझर्व्ह बँकेच्या हाती यासाठी दोन साधने आहेत. पहिले व्याजदराचे. रेपो दर वाढविला म्हणजे बँकांस पैसा महाग पडतो व कर्जवाटपाचा उत्साह ओसरतो. परंतु नैयायिक ज्यास अतिव्याप्ती म्हणतात, तो दोष या साधनात आहे. उधळ्यास आवरावयास जावे, तर मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज काढणारा गृहस्थही त्यात सापडतो.

दुसरे साधन नियमनाचे. विनातारण वैयक्तिक कर्जे फार वेगाने वाढू लागल्यामुळे नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५० टक्क्यांवरच राहू देऊन अशा कर्जांचा जोखीमभार तेवढा १०० वरून १२५ टक्के केला. बँकांस किमान ९ टक्के भांडवल राखावे लागते. या हिशेबाने अशा १०० रुपयांच्या कर्जामागे पूर्वी ९ रुपये भांडवल लागे, ते सव्वाअकरा लागू लागले. गृह, शिक्षण, वाहन व सोनेतारण कर्जे यांतून वगळली होती. साहस स्वतःच्या पैशाने करावयाचे म्हटले की हात आपोआप आखडतो.

तथापि येथे अव्याप्तीचा दोष संभवतो. जे हिशेबात दिसतच नाही, त्यास नियम लागावा कसा? मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेने एकाच बांधकाम समूहास दिलेली प्रचंड कर्जे दडविल्याचे २०१९ मध्ये उघडकीस आले. त्या सप्टेंबरात निर्बंध लादले गेले, तेव्हा आरंभी खातेदारास सहा महिन्यांत अवघे १,००० रुपये काढण्याची मुभा होती. ही मर्यादा पुढे वाढविण्यात आली.

सारांश, दर आणि नियम यांस कसून तपासणीची जोड हवी. फेब्रुवारी २०२० मध्ये ठेवविम्याची मर्यादा एका बँकेत एका ठेवीदारास १ लाखावरून ५ लाख रुपये झाली, हे इष्टच झाले. तरीही थोड्या अधिक व्याजाच्या मोहाने आयुष्याची पुंजी एकाच पेढीत ठेवू नये, एवढी विनंती आम्ही वाचकांस करितो.